बिनचिठ्ठीचं

मल्हारगंजच्या वळणावर आमचं मेडिकल.
दुकान पोरवालजींचं, कात्री माझी.
एकवीस वर्षं मी पट्ट्या कापतोय.

अख्खी पट्टी फार थोडे मागतात.
बाकीचे दोन, चार,
रात्रीपुरती एक दे, सकाळचं सकाळी बघू.
तारीख पट्टीच्या एकाच टोकाला छापलेली असते,
ते टोक मी शेवटपर्यंत राखून ठेवतो.
म्हणजे औषध मरणार कधी
हे फक्त शेवटच्या गिऱ्हाइकाला कळतं,
आणि मला.

गजराबाई वाघमोडे शेवेच्या कारखान्यात पाकिटं भरायच्या.
दहा तास उभ्यानं.
पदराला लवंगेच्या शेवेचा वास,
नखांच्या कडेला बेसन.
"भिया, गुडघ्याच्या दोन काप."
अकरा वर्षं हे एकच वाक्य,
दिवाळीच्या सुमाराला फक्त दोनच्या चार व्हायच्या,
कारण दिवाळीत शेव जास्त खपते.

कार्ड निघालं त्या दिवशी
त्यांनी कमरेचा रुमाल सोडला,
रुमालातून पिशवी, पिशवीतून कार्ड,
आणि काचेवर ठेवलं, फोटोची बाजू वर.
"पाच लाखाचं आहे म्हणतात.
यातून आठ रुपये कापून घे."

बाई, हे इथं नाही चालत.
"मग कुठं चालतं?"
भरती झाल्यावर.
"म्हणजे दुखतं तेव्हा नाही?"
नाही.
"पडल्यावर?"
पडल्यावर चालतं.

त्या हसल्या. पोरवालजी हसले.
खोकल्याच्या बाटलीसाठी थांबलेला रिक्षावाला हसला.
मीही हसलो असणार,
आठ रुपये गल्ल्यात टाकता टाकता.

वॉर्डाच्या दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात,
हे मी सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू.
पण तिथं चिठ्ठी लागते,
चिठ्ठी नऊनंतर,
आणि नऊला कारखान्याचं फाटक बंद.
हजेरी तीनशे दहा, गोळ्या आठ.
हा हिशेब त्यांनी माझ्यासमोर बोटांवर केला
आणि बोटं उरली.

रोज घेऊ नका, हे पण सांगितलं.
एकदा.
"मग हे गुडघे तू घे, भिया,
आणि उद्या तूच उभा राहा."
मी काउंटरच्या अलीकडे उभाच होतो.
दोन कापल्या, पुडी बांधली.
पाकिटाच्या आतल्या कागदावर
मुंगीएवढ्या अक्षरांत जे लिहिलेलं असतं
ते मला पाठ आहे.
तो कागद पट्टी कापून घेणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.
माझ्याकडे त्यांचा गठ्ठा साठतो,
बरण्या पुसायला बरा पडतो.

यंदा थंडीत बाई दिसल्या नाहीत.
पौषाच्या शेवटी मुलगा आला, बलवंत.
आई एमवायला होती, म्हणाला.
किडनी.
आता आठवड्यातून दोनदा मशीनवर.

मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं,
चेहऱ्यावर जवळजवळ आनंद होता त्याच्या,
"पण काका, कार्ड चालतं बरं का!
एक रुपया लागत नाही."

मागे पंखा फिरत होता.
थंडीत तो कुणी लावला होता, कोण जाणे.
मी अकरा वर्षांना दोन गोळ्यांनी गुणायला लागलो
आणि दिवाळ्यांपाशी चुकलो.

"काका."
हं.
"मशीनवरून आली की डोकं फार दुखतं तिचं.
त्याच्या दोन कापा."

चिठ्ठी आहे का, मी म्हटलं.
एकवीस वर्षांत हा प्रश्न
मी कुणाला विचारलेला नव्हता.
पोरवालजींनी वहीतून मान वर केली.

बलवंत माझ्याकडे बघत राहिला.
"डोकेदुखीला कसली चिठ्ठी, काका?"

उद्या मशीनवरच्या डॉक्टरला विचार,
कुठली चालते ते लिहून आण, मी म्हटलं.
आजच्यापुरती, त्यांच्यासारख्यांना साधारण देतात ती
नवी पट्टी काढली,
आणि तारखेच्या बाजूनं कापली.

पैसे देऊ का, त्यानं विचारलं.
पोरवालजी बघत होते.
चार रुपये, मी म्हणालो.
सुटे होते त्याच्याकडे.